माननीय संबंधित यांस

प्रति,
मा. संबंधित,
(पदनाम, विभाग, इमारत व मजला कळल्यास येथे लिहू)

विषय : वंचित घटकांतील विद्यार्थ्यांसाठी आर्थिक साहाय्य मिळण्याबाबत. (विनंती चौथी)
संदर्भ : 1) आमचे तीन प्रस्ताव. 2) आपले न आलेले उत्तर.

महोदय अथवा महोदया,

स.न.वि.वि. गेली अकरा वर्षे मी आपल्या शोधात आहे. विद्यापीठाच्या प्रत्येक खिडकीवर आपले नाव ऐकते. ‘प्रस्ताव संबंधितांकडे पाठवला आहे.’ ‘संबंधितांची सही राहिली आहे.’ ‘संबंधित आज मीटिंगला गेलेत, सोमवारी या.’ प्रत्येक परिपत्रकाच्या तळाशी संबंधितांनी नोंद घ्यावी असे छापलेले असते, म्हणजे नोंद घेणारेही आपणच. सुरुवातीला मला वाटले, हे कुणाचे तरी आडनाव असावे. नंतर लक्षात आले की या अकरा वर्षांत कुलगुरू बदलले, कुलसचिव बदलले, खिडकीची काचसुद्धा बदलली, आपली मात्र ना बदली झाली ना निवृत्ती. इतकी सलग सेवा दुसऱ्या कुणाची नसेल. मनःपूर्वक अभिनंदन.

माझी ओळख करून देते, कारण तीन प्रस्तावांत ती तीनदा देऊनही आपल्यापर्यंत पोचलेली दिसत नाही. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवते. ‘विद्यार्थी विकास अधिकारी’ हा माझ्याकडे अतिरिक्त कार्यभार. विद्यार्थ्यांचा विकास करायचा म्हणजे काय, तर तास संपले की विद्यापीठाला अर्ज करत बसायचे. आमच्याकडची बरीच मुले ऊसतोड कामगारांची. दसरा झाला की गावे रिकामी होतात. आईबाप मुकादमाची उचल घेऊन, कोयता आणि भांडीकुंडी ट्रॅक्टरवर टाकून फडावर जातात, ते कारखान्याचा पट्टा पडल्यावरच परततात. मागे राहतात म्हातारी, दोन शेळ्या आणि बीए प्रथम वर्षातली मुलगी. ही मुलगी सकाळी पाणी भरते, म्हातारीचे करते, सातची एसटी पकडते आणि पहिल्या तासाला येऊन बसते. तिसऱ्या तासाला तिचे डोके बाकावर टेकते. नवीन होते तेव्हा मला वाटायचे, माझे शिकवणे कंटाळवाणे असेल. (तेही असेल.) पण एका मुलीने सांगितले, ‘मॅडम, सकाळपासून चहावरच हाय.’

मग मी हिशेब केला. आमच्याकडे फी हा मोठा प्रश्न नाही. अनुदानित कॉलेजची फी बेताची आणि तिला शिष्यवृत्ती आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी तर 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ झाली. चांगला निर्णय आहे, मी टोमणा मारत नाही. पण मुलगी कॉलेज सोडते ती फीमुळे सोडत नाही. दुपारच्या जेवणासाठी आणि संध्याकाळच्या शेवटच्या एसटीसाठी सोडते. म्हणून माझा पहिला प्रस्ताव साधा होता. कॉलेजशेजारी डबे करून देणाऱ्या एक मावशी आहेत. दोन पोळ्या, भाजी, वरण-भात, 60 रुपये. महिन्याचे 25 दिवस, 34 मुले, नोव्हेंबर ते फेब्रुवारी असे चार महिने. एकूण 2,04,000 रुपये. एका ओळीत मावणारा हिशेब होता. विहित नमुना मात्र अकरा पानांचा होता आणि सात प्रतींत हवा होता.

त्या नमुन्याचे कौतुक केल्याशिवाय पुढे जाववत नाही. खर्चाच्या तपशिलात रकाने होते : प्रमुख वक्त्यांचे मानधन, प्रवासभत्ता, फलक, लेखनसामग्री, छायाचित्रण, चहापान व अल्पोपाहार, आणि ‘इतर’, जे एकूण रकमेच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावे. ज्याच्यासाठी ही सगळी योजना, त्या विद्यार्थ्याच्या हातात काही पडेल असा एकही रकाना नव्हता. मी फोन करून विचारले, जेवण कुठे लिहू? पलीकडचा आवाज सौजन्यशील होता. ‘मॅडम, जेवणाला हेड नाही. चहापानात बसवा.’ चार महिन्यांचे 3,400 डबे मी चहापानात बसवून पाहिले. बसले नाहीत.

‘समस्येचे विधान’ असाही एक रकाना होता. तिथे मी अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाचे 2021–22 चे आकडे लिहिले : उच्च शिक्षणातील नोंदणीचे ढोबळ प्रमाण देशभरात 28.4, अनुसूचित जातींचे 25.9, अनुसूचित जमातींचे 21.2. प्रस्ताव परत आला. शेरा होता, ‘आकडेवारीच्या स्रोताची प्रमाणित प्रत जोडावी.’ सर्वेक्षण केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाचे. ते प्रमाणित करायला आमच्या गावात उपलब्ध होते फक्त आमचे प्राचार्य. त्यांनी शिक्का मारला आणि भारत सरकार प्रमाणित झाले.

अखेर आपली कृपा झाली. मागितले होते 2,04,000, मंजूर झाले 25,000. तेही डब्यांसाठी नव्हे. एकदिवसीय कार्यशाळेसाठी. विषयही वरूनच आला : ‘युवकांचा समतोल आहार : जाणीव व जागृती’. उपाशी मुलांना आहाराची जाणीव नसते, ही आपली शंका रास्त होती. कार्यशाळा झाली. जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेल्या वक्त्यांनी तास-सव्वातास सांगितले की आजच्या पिढीने फास्ट फूड सोडून बाजरीच्या भाकरीकडे वळले पाहिजे. समोर बसलेली पिढी बाजरीच्या भाकरीपासून कधी ढळलीच नव्हती, तिला दुसरे काही मिळालेच नव्हते. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आमची मुले गुणी आहेत.

त्या दिवशी नेमकी संकष्टी होती. पाहुण्यांचा उपास, म्हणून केळी आणली. 340 रुपयांची, हातगाडीवरून. बिल सादर केल्यावर हे 340 रुपये कापले गेले, कारण पावतीवर जीएसटी क्रमांक नव्हता. ताज्या केळ्यांवर जीएसटी नसतो, हे मी अर्थशास्त्राची प्राध्यापिका या नात्याने लेखी कळवले. माझे पत्र संबंधितांकडे पाठवले असल्याचे समजले. उरलेली रक्कम चौदा महिन्यांनी आली. हो, सांगायचे राहिले, खर्च आधी मीच केला होता. नियमच तसा आहे : आधी खर्च, मग प्रतिपूर्ती.

आणि तो फोटो. अहवालासोबत जिओ-टॅग केलेली छायाचित्रे हवीत, फलक स्पष्ट दिसावा, लाभार्थी स्पष्ट दिसावेत. फलकावर ठळक अक्षरांत होते, ‘वंचित व दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठी’. मी मुलांना फलकाखाली उभे करू लागले. पहिल्या रांगेतली एक मुलगी बाजूला झाली. आदल्याच आठवड्यात वक्तृत्वात पहिली आली होती ती. म्हणाली, ‘मॅडम, ह्या बोर्डाखाली नगं. फोटू गावात जातो.’ मी आग्रह केला नाही. लाभार्थी 34 आणि छायाचित्रात 33, यावर आपण खुलासा मागवला होता. मी तेव्हा ‘सदर विद्यार्थिनी आजारी होती’ असे लिहून दिले. ते खोटे होते. खरा खुलासा आज देत आहे, नोंद घ्यावी.

मध्येच एक विचारते. राग मानू नये. साताऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही विकले. ही गोष्ट आपल्यालाही ठाऊक असणार. कर्मवीरांच्या जयंतीला आपले परिपत्रक येतेच, भाषणासह साजरी करून अहवाल पाठवा म्हणून. तर, ते मंगळसूत्र विकताना त्या माउलीने तीन सराफांची दरपत्रके मागवली होती का? तुलनात्मक तक्ता केला होता का? मुलांच्या पोटात गेलेल्या ज्वारीचे उपयोगिता प्रमाणपत्र सनदी लेखापालाच्या सहीने सादर केले होते का? केले नसेल, तर तो सगळा खर्च आजही लेखापरीक्षणात आक्षेपार्ह ठरेल. बघा, वसुली निघते का.

किंवा बडोद्याचे घ्या. 1913 मध्ये सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकर नावाच्या बावीस वर्षांच्या पदवीधराला न्यूयॉर्कला पाठवले, दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. अट एकच मुख्य होती, परत येऊन दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. ‘आधी तू अमेरिकेत खर्च कर, पावत्या आण, मग बघू’ असे महाराज म्हणाले असते तर? पुढे मुदत संपल्यामुळे 1917 मध्ये बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागलेच. पैसे वेळेवर असणे म्हणजे काय आणि नसणे म्हणजे काय, हे त्यांना अनुभवाने माहीत होते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर 1942 मध्ये त्यांनी निवेदन देऊन अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी पैशाची मागणी केली, आणि 1944 पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. परके सरकार, त्यात महायुद्ध चालू. तरी ते काम दोन वर्षांत झाले. माझे 340 रुपये अजून आलेले नाहीत.

असो. दुसऱ्या वर्षी मी शहाणी झाले. डबे हा शब्दच वापरला नाही. ‘स्थलांतरित कामगारांच्या पाल्यांसाठी पोषणाधारित अध्ययन सातत्य उपक्रम’ असे नाव दिले. आपल्याला आवडले असावे, कारण 60,000 मंजूर झाले. पण त्याआधी तीन दरपत्रके लागली. आमच्या गावात खानावळ दीड आहे, मावशींची एक आणि स्टँडवरची अर्धी, जिथे फक्त मिसळ मिळते. मावशींना म्हटले, लेटरहेडवर दर लिहून द्या. त्या म्हणाल्या, ‘लेटरहेड म्हंजी?’ त्यांच्या भाच्याने झेरॉक्सच्या दुकानातून तीन वेगवेगळ्या नावांची तीन लेटरहेड छापून आणली, तिन्हींवर अक्षर त्याचेच. सर्वांत कमी दर मावशींचा निघाला. या प्रक्रियेला पारदर्शकता म्हणतात, हे मी मावशींना समजावून सांगितले.

पैसे जमा झाले ते 27 मार्चला, संध्याकाळी. सोबत सूचना : 31 मार्चपूर्वी संपूर्ण खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र सादर करावे. हातात दिवस चार, डबे एक हजार, मुले 34. दर मुलाने रोज सात डबे खाल्ले असते तर जमले असते, आणि तरी थोडे उरले असते. त्यात पट्टा पडत आला होता, आईबाप परतू लागले होते आणि मुलांच्या घरी चुली पेटू लागल्या होत्या. आमच्या कार्यालयातले अनुभवी गृहस्थ म्हणाले, ‘मॅडम, झेरॉक्सचे कागद घेऊन टाका. मार्चला सगळे तेच करतात.’ मी नाही घेतले. पैसे परत केले. तिसऱ्या वर्षीच्या छाननीत त्याचे फळ मिळाले. आपल्या सुवाच्य टंकलेखनात शेरा आला : ‘मागील अनुदान अखर्चित. सबब महाविद्यालयास निधीची निकड दिसून येत नाही.’ हे वाक्य मी टेबलाच्या काचेखाली ठेवले आहे. तर्कशास्त्र शिकवणाऱ्या सहकाऱ्यांनी त्याची प्रत मागितली आहे.

तिसऱ्या वर्षी आपण आणखी एक सुधारणा केलीत. लाभार्थी खरोखर वंचित आहेत की वंचित असल्याचे ढोंग करतात याची खातरजमा करण्यासाठी प्रत्येकाची कागदपत्रे मागवलीत : चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला, शिधापत्रिका, आधारला जोडलेला मोबाइल. शिधापत्रिका आईबापांबरोबर फडावर गेलेली. मोबाइल बापाच्या खिशात, कर्नाटकात. आम्ही इथे कॉलेजच्या संगणकावर अर्ज भरतो, ओटीपी तिकडे उसाच्या फडात जातो. एका मुलीच्या वडिलांना रेंज मिळेना, म्हणून ते भरलेल्या ट्रॉलीवर, उसाच्या मोळ्यांवर चढले आणि तिथून ओरडून सहा आकडे सांगितले. चार आकडे आले, कॉल तुटला. पुन्हा लागला तेव्हा ओटीपीची मुदत संपली होती. पडद्यावर आले, ‘कृपया पुन्हा प्रयत्न करा’. वडील पुन्हा चढले.

आणि एक मुलगा आहे, भटक्या जमातीतला. याच्या आज्याचे आयुष्य नंदीबैल घेऊन दारोदार फिरण्यात गेले. तो घराण्यातला पहिला बारावी पास. त्याला पुढे व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचे आहे, त्यासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी मानीव दिनांक 21 नोव्हेंबर 1961. त्याआधीचा पुरावा द्यायचा : आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला, जन्ममृत्यूची नोंद, जमिनीचा कागद, काही तरी. मी हा नियम त्याला समजावला. म्हणजे त्या दिवशी त्याचा आजा राज्यात कोणत्या गावी वस्तीला होता आणि त्याची जात कोणत्या सरकारी वहीत चढली होती, हे शोधायचे. मुलगा विचारात पडला. म्हणाला, ‘मॅडम, आज्याला भटक्या म्हणतात ते फिरायचा म्हणूनच ना?’ हा प्रश्न मी आपल्याकडे वर्ग करते. हा नियम आपण केलेला नाही, तो कायद्याचा भाग आहे, हे मला कळते. पण डब्यासाठी वैधता प्रमाणपत्र मागण्याची कल्पना मात्र आपली स्वतःची होती. 60 रुपयांचा डबा मिळण्यासाठी 1961 पूर्वीचा कागद.

मला आपल्यावर भ्रष्टाचाराचा आरोप करायचा नाही. तो करता आला असता तर बरे वाटले असते, निदान पैसे कुणाच्या तरी पोटात गेले असे म्हणता आले असते. आपण एक रुपयाही खाल्लेला नाही. आपण फक्त पैशाची दिशा बदलली आहे. मी वर्गात शिकवते की कल्याणकारी राज्य ज्याच्याकडे नाही त्याला आधी देते. आमच्या तालुक्यात उलटे चालले आहे. ज्याच्याकडे नाही त्याने आधी खर्च करायचा, पावती जपायची, आणि राज्याने सवडीने परत करायचे. मुलगा वर्षभराचे खोलीभाडे उधारीवर भरतो आणि त्याच्या निर्वाहभत्त्याची रक्कम परीक्षा झाल्यावर खात्यात पडते. तोवर सरकारचा सावकार कोण, तर ऊसतोड करणारा बाप. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीवरचे ओझे वाहत तो आपल्याला बिनव्याजी कर्ज देतो आहे. त्याचे आभार मानणारे पत्र आपण पाठवले असेल तर त्याची प्रत मला हवी आहे.

आमच्या कपाटात एक जुनी फाइल आहे, ‘उपचारात्मक अध्यापन’ नावाची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या बाराव्या योजनेच्या काळातली. त्या पैशात आम्ही इंग्रजीचे जादा तास घ्यायचो आणि तासानंतर मुलांना पोहे द्यायचो. 2017 साली पंचवार्षिक योजनाच संपल्या, आमच्याकडचे तासही संपले, दारावरची पाटी राहिली. नॅकची समिती आली की पाटी पुसून घेतो.

तर आता चौथी विनंती. यंदा नमुन्याप्रमाणे काहीच भरलेले नाही, म्हणून हे पत्र उघड्यावर. मागणी तीच आहे, फक्त मावशींनी दर वाढवला आहे, 70 रुपये. तो वाढवताना त्यांना वाईट वाटत होते. 34 मुले, 25 दिवस, चार महिने : 2,38,000 रुपये. पैसे नोव्हेंबरच्या आत हवेत, मार्चच्या शेवटी नकोत. फलक लावणार नाही, वक्ता बोलावणार नाही, मुलांचे फोटो पाठवणार नाही. पुरावा हवाच असेल तर आपण स्वतः यावे. दुपारी बाराच्या एसटीने यावे, मुलांच्या पंगतीला बसावे, मग तिसऱ्या तासाला मागच्या बाकावर बसून किती डोकी बाकावर टेकतात ते मोजून जावे. आपल्या प्रवासभत्त्याला हेड आहे. मी तपासले आहे.

कळावे, लोभ आहे की नाही हे माहीत नाही, पण असावा.

आपली,
विद्यार्थी विकास अधिकारी (अतिरिक्त कार्यभार)

ता.क. : गेल्या हिवाळ्यात मावशींनी 34 पैकी 19 मुलांना वहीवर डबे दिले. 60 रुपयांप्रमाणे दोन महिन्यांचे 57,000 झाले. त्यातले निम्मे आम्ही काही प्राध्यापकांनी मिळून भरले, बाकीचे उधार आहेत. परवा त्यांनी विचारले, राहिलेले पैसे कधी मिळतील? मी सवयीने म्हणाले, प्रकरण संबंधितांकडे आहे. त्यांनी पदराने हात पुसले, वही उघडली आणि म्हणाल्या, ‘मग त्यांचाच नंबर द्या की, मी बोलते.’ माझ्याकडे नंबर नाही. वाचकांपैकी कुणाकडे असल्यास कृपया कळवावा. मावशी दुपारी दोननंतर मोकळ्या असतात.